नानांच्या छापखान्यातला हत्ती

छापखान्यात वीस वर्षं मशीन चालवलं की नखातली शाई जात नाही आणि डोक्यातले किस्सेही जात नाहीत. मी तिसरी नापास. लिहीन तसं वाचा.

अमळनेरला नानांच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि सरकीच्या पेंडीच्या जाहिराती आम्ही छापायचो. तिथं एक गुरुजी आले. लहान पोरांना मांडीवर घेऊन वाचायचं, चित्रांचं, हसवायचं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. तीन वर्षं खपले होते त्यावर.

नाना हसलेले मी कधी पाहिले नाहीत. म्हणाले, "माझी कमळी हसली तर छापतो." कमळी त्यांची चार वर्षांची नात. थेट आजोबांवर गेलेली.

*

चित्रांचे ब्लॉक, म्हणजे ठसे, आमच्याकडे दोनच, हत्ती आणि पेंडीचं पोतं. गुरुजींच्या गोष्टीत वाघ होता.

"वाघ नाही. हत्ती घ्या," नाना म्हणाले.

गुरुजींनी सगळी गोष्ट बदलली. वाघ शिकारीला जायचा, हत्ती पोतं घेऊन बाजारात निघाला. मला हीच बरी वाटली.

*

गुरुजींनी कमळीला गोष्ट वाचून दाखवली. हाताची सोंड केली, रांगले, धोतर शाईत बुडवलं. कमळी नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "नाना, यास्ले घर नही शे का?" म्हणजे, यांना घर नाही का?

*

मग नाना म्हणाले, "एक पान छापून दाखवा. हा शेवटचा चान्स."

अक्षरं जुळवणारा कंपोझिटर जेवायला गेलेला. जुळवून ठेवलेलं पान मी पाहिलं. शिशाची अक्षरं आपल्या बाजूनं उलटी, डोकं खाली दिसतात, हे मला माहीत होतं. पण हत्तीही पाय वर करून पडलेला. उलटी अक्षरं मला वाचता येत नाहीत, हत्ती येतो. मी ब्लॉक काढून सरळ बसवला.

छापल्यावर अक्षरं सरळ आली आणि हत्तीचे पाय आभाळाला.

गुरुजींनी कागद उलटा धरून पाहिला. "तीन वर्षं, भाऊ," एवढंच म्हणाले.

कमळीनं कागद घेतला, पाहिला आणि हसत सुटली. उचकी लागली तरी थांबेना.

"लगेच सरळ करून घेतो," गुरुजी म्हणाले.

"हात लावू नका," नाना म्हणाले.

*

पुस्तक खपलं. दुसऱ्या छपाईला नाना गावाला गेले होते. गुरुजी माझ्याजवळ आले. "भाऊ, आता तरी उभा कर त्याला. शाळेत तोंड दाखवायची सोय राहिली नाही." मी केला.

आठ दिवसांनी धुळ्याहून एक आबा आले, रडून डोळे सुजलेला नातू कडेवर. गुरुजी समोरच बसलेले. आबांनी नवं पुस्तक टेबलावर आपटलं.

"बदली द्या हाई. पोऱ्या कालपासून रडी ऱ्हायना. यामा हत्ती उभा शे."