प्लायवूडचं दार

आमच्या इथे अमेरिकेत प्रत्येक मराठी घरात ओट्याखाली दह्याचे रिकामे डबे साठलेले असतात. लागत नाहीत, पण फेकवतही नाहीत, आणि कपाट उघडलं की चार तरी अंगावर येतात. किस्स्यांचंही तसंच आहे. परवा अल्फारेटाला आमच्याकडे पॉटलक होता, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. कुणीतरी सहज विचारलं, शुभाताई, अमेरिकेत तुमचा पहिला जॉब कुठला? मी म्हटलं, "पोलिसांना घाबरायचा." झालं, जेवणं राहिली बाजूला.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझा नवरा विनायक तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएच.डी. करत होता, आणि मी लग्न करून साताऱ्याहून थेट तिथे जाऊन पडले होते. गावाबाहेर एक ट्रेनिंग सेंटर होतं. एका छोट्या देशातलं यादवी युद्ध नुकतंच थांबलं होतं. चार देशांची शांतिसेना तिथे उतरली होती, पण ती काय जन्मभर थोडीच राहणार? जुने पोलीस इतके बदनाम, की सगळं दल मोडून नवं उभं करायचं ठरलं. त्यातली एक तुकडी शिकायला आमच्या गावात आली. देशाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं मला अजून नाताळात कार्ड पाठवतात.

शिकवायला पोलीस मिळाले, पण प्रॅक्टिससाठी पब्लिक कुठून आणणार? मग त्यांनी स्टुडंट्सच्या बायका गोळा केल्या. आम्ही म्हणजे 'नागरिक'. व्हिसावर पगार घेता येत नव्हता, त्यामुळे फक्त लंच फुकट. विनायक म्हणाला, "यार, घरी बसून रडण्यापेक्षा तिकडे जाऊन घाबर."

*

जुन्या गोदामात प्लायवूडची एक गल्ली उभारली होती. खोटी घरं, खोटी दुकानं, आणि एक कोपरा माझा. पहिल्या दिवसाचा धडा अगदी सोपा होता: दारावर टकटक करायची, दोन पावलं मागे सरायचं, आणि आतला माणूस दार उघडेपर्यंत थांबायचं. कोण म्हणून विचारलं, की नाव सांगायचं.

मी आत खुर्चीवर बसून घाबरायची तयारी करत होते. पहिला गडी आला तो खांद्याने. दार, चौकट आणि तो, तिघंही माझ्या पुढ्यात आडवे!

शिकवायला बिल नावाचा एक रिटायर्ड अमेरिकन पोलीस होता. धिप्पाड, पण स्वभावाने साखर. त्याने शांतपणे विचारलं, टकटक का नाही केली? तो पडलेला पोरगा, तोमास त्याचं नाव, कपडे झटकत म्हणाला, "आमच्याकडे पोलीस टकटक करत नाहीत."

"मग लोक कडी लावून घेतात का?"

"सुरुवातीला लावायचे," तोमास म्हणाला. "मग दार परवडेना."

बिल स्वतः हातोडी घेऊन चौकट ठोकायला बसला.

*

हळूहळू पोरं टकटक करायला शिकली. पंचाईत माझीच झाली. बिलचं म्हणणं, मी दार अर्धवट उघडायचं, चेहरा घाबरलेला ठेवायचा आणि तुटक उत्तरं द्यायची. आणि मी काय करायची? टकटक ऐकली, की धावत जाऊन सताड दार उघडायची आणि विचारायची, "या या, जेवलात का?"

बिलने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मात्र कपाळाला हात लावून म्हणाला, शूबा, तू पोलिसांना घाबरतेस, विसरू नकोस.

आता त्याला काय सांगायचं? साताऱ्याला आमचं दार सकाळी उघडायचं ते रात्री निजानीज झाल्यावर लागायचं. शेजारची मावशी कढीपत्त्याला यायची आणि तासभर बसायची. इथे मात्र माणसं आधी फोन करणार, मग वार ठरवणार, मग येणार. मला येऊन सहा महिने होत आले होते आणि माझ्या दारावर कुणी आपणहून बोट टेकवलं नव्हतं. दुपारी मी बाहेरच्या पावलांची चाहूल घेत बसायची. पावलं यायची आणि पुढच्या दाराशी जायची. मग खोट्या घरात का होईना, कुणी टकटक केल्यावर मी घाबरू कशी?

*

एकदा बिल त्यांना ट्रॅफिक दाखवायला गावातल्या चौकात घेऊन गेला. चारी बाजूंना 'थांबा' लिहिलेल्या लाल पाट्या. गाड्या येत होत्या, थांबत होत्या, एकमेकींना वाट देत होत्या. पोरं खूप वेळ बघत राहिली. मग तिघं जण झुडपांत शिरले, एक पोस्टाच्या मागे जाऊन आला.

"काय शोधताय?" बिलने विचारलं.

लपलेला पोलीस शोधत होते! तो कुठेच नाही म्हटल्यावर तोमासने गंभीरपणे विचारलं, की पोलीस नसतानाही लोक थांबत असतील, तर आम्ही शिकतोय ते कशाला? बिलने त्या दिवशी सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि विषय संपवला.

*

मग तक्रार लिहून घ्यायचा धडा आला. तोमास माझ्या दाराशी आला, टकटक, दोन पावलं मागे, सगळं जागच्या जागी. मी पर्स चोरीला गेली असं सांगायचं होतं. त्याने विचारलं, "मॅडम, काय हरवलंय?"

त्याच दिवशी सकाळी घरून पत्र आलं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न पार पडलं, जेवणावळी छान झाल्या, तुझी आठवण काढली. मी पर्स म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. ते काही खोटं नव्हतं. मला घरी जायचं होतं, बस्स.

रडणाऱ्या नागरिकाचं काय करायचं, हे अजून शिकवलं नव्हतं. तोमासने इकडेतिकडे बघितलं, टोपी काढली आणि उंबऱ्याबाहेर फरशीवर बसला. म्हणाला, त्याची आईसुद्धा अशीच रडते, आवाज न करता. एका पहाटे पोलीस दार तोडून आत आले आणि त्याच्या वडिलांना घेऊन गेले. ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून आईचा नियम, की खाकी कपडा या घरात शिरणार नाही. पुढे लढाईत तोमास निर्वासितांच्या छावणीत जाऊन पडला, आणि तिथूनच नव्या दलात निवडला गेला. आईला त्याने इतकंच कळवलं होतं, की अमेरिकेत शिकतोय.

"काय शिकतोस, ते नाही सांगितलंस?"

"शिक्षक होतोय असं तिला वाटतं," तो म्हणाला. "तिला भेटायची फार ओढ लागलीय. पण ती मला घरात घेईल का?"

मी डोळे पुसले. पर्सची तक्रार राहूनच गेली.

*

एका रविवारी आमच्या खऱ्या अपार्टमेंटच्या दारावर टकटक झाली. विनायक लुंगीवर होता. आधी फोन नाही, काही नाही, म्हणजे इमिग्रेशनवालेच असणार म्हणून तो पासपोर्ट शोधायला धावला. मी दार उघडलं तर बाहेर बर्फात तोमास, शिकवल्याप्रमाणे दोन पावलं मागे. जवळून जात होतो म्हणून आलो, म्हणाला. जवळून काय जातोय, सेंटर चार मैल लांब होतं आणि त्या बाजूला बसही नव्हती.

मी त्याला पिठलं-भात वाढला. विनायक त्याच्या शेजारी लुंगीवरच जेवला. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा घरात असल्यासारखं वाटलं.

जेवता जेवता तोमासने सांगितलं, बिलचा सल्ला असा, की आईकडे पहिल्यांदा साध्या कपड्यांत जा. पण त्याला ते पटत नव्हतं. नंतर तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर? म्हणून तो युनिफॉर्ममध्येच जाणार होता. मग त्याने विचारलं, टकटक केल्यावर कुणी उघडलंच नाही, तर किती वेळ थांबायचं?

बिलने वर्गात सांगितलेलं उत्तर मला पाठ होतं. पण मी म्हटलं, "आईचं दार असेल, तर उघडेपर्यंत."

*

ट्रेनिंग संपलं. शेवटच्या दिवशी सगळी तुकडी प्लायवूडच्या गल्लीत आली, आणि एकेकाने माझ्या दारावर टकटक केली. मी प्रत्येकाला दार उघडून जेवलात का विचारलं. या वेळी बिलने कपाळाला हात लावला नाही. त्याचे डोळेच भरून आले होते.

नंतर ती गल्ली मोडली. पुढे कितीतरी दिवस मला दुपारी टकटक ऐकू यायची. उठून बघावं, तर बाहेर नुसता व्हरांडा.

*

वसंतात एका सकाळी फोन वाजला. लांबून कुठून तरी, खूप खरखर. तोमास शांतिसेनेच्या ऑफिसातून बोलत होता. आधी विनायकची चौकशी, पिठल्याची आठवण, सगळं झालं. मुद्द्यावर येईना. शेवटी मीच विचारलं, "अरे, आईकडे गेलास का?"

"काल गेलो. युनिफॉर्ममध्येच."

"मग?"

नवं दार होतं म्हणाला, त्याने पाहिलेलं नव्हतं. टकटक केली. दोन पावलं मागे सरला. हात दिसतील असे पुढे धरले आणि थांबला. कोण म्हणून विचारलं, की नाव सांगायचं होतं. पण आतून कुणी विचारलंच नाही. आत आई त्याच्या बहिणीशी बोलत होती, ते त्याला बाहेर ऐकू आलं.

"काय म्हणत होती?"

"म्हणाली, 'जा, उघड दार. टकटक करून थांबलाय, म्हणजे पोलीस नाही.'"