चोक माझा, हँडल तिचं

दर रविवारी सकाळी माझी बायको गाडीपुढे वाकून हँडल मारायची आणि मी आत चोक धरून बसायचो. आमची जुनी पद्मिनी जवळजवळ माझ्याच वयाची. किल्लीने ती क्वचितच सुरू व्हायची. मग दोनदा वाकवलेला तो लोखंडी दांडा बंपरच्या भोकातून आत घालायचा आणि इंजिन हाताने फिरवायचं. बघणारे हसायचे. बायकोला त्याचं काही नव्हतं. ती समुद्रकाठच्या डोंगरी गावची, कोळ्याची मुलगी. "बापाबरोबर होडीचा नांगर ओढलाय मी, हे काय मोठं," म्हणायची. चोक किती ओढायचा ते कानाने कळावं लागतं, म्हणून आत मीच बसायला हवं, असं मी सगळ्यांना सांगत असे.

ते खोटं होतं. मला हँडलची भीती वाटायची. तरुणपणी एका गॅरेजात मी हँडल उलटं फिरताना पाहिलं होतं. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देतं. त्या झटक्याने मेकॅनिकचा जबडा फुटला होता आणि तो स्वतःचे दात ओंजळीत धरून बसला होता. त्यानंतर मी हँडलला हात लावला नाही. लग्न झालं, गाडी आली, आणि त्या जागी मी बायकोला उभं केलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांडा खालून वर ओढायचा, वरून खाली कधी दाबायचा नाही, एवढं शिकवलं. जबड्याचं सांगितलं नाही.

घरात मी कुणावर हात उचलत नाही, याचा मला अभिमान होता. बाहेर उचलायचो. मीरा रोडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक जण हसत म्हणाला, "अंकल, ये खटारा कबाड़ी को दे दो ना, मेरी बाइक की जगह हो जाएगी." मी त्याची मान धरून डोकं खांबावर आपटलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात गेलं, तरी मी थांबत नव्हतो. वॉचमनने मला मागून मिठी घातली म्हणून तो सुटला. सोसायटीने गाडी बाहेर काढायला सांगितली. मग मी ती डोंगरीला बायकोच्या माहेरच्या अंगणात, मेहुण्याच्या जाळ्यांशेजारी नेऊन लावली. दर रविवारी आम्ही तिघं बसने तिथे जायचो. मी पाने घेऊन गाडीखाली शिरायचो, बायको भावजयीशी गप्पा मारायची, मुलगी मामाबरोबर मासळी निवडायची. एखादा नट झिजून फिरत राहिला की मी पाना भिरकावून द्यायचो. कुणाला लागत नसे. म्हणून ते मारणं नाही, असं माझं मत होतं.

त्या रविवारी वरसाव्याच्या पुलाअलीकडे एका हॉटेलच्या आवारात जुन्या गाडीवाल्यांचा मेळावा होता. घोडबंदर रोडच्या चढावर आपली गाडी मागे पडू नये म्हणून आदल्या दिवशी मी एकटाच डोंगरीला गेलो आणि टायमिंग पुढे घेतलं. म्हणजे ठिणगी जरा आधी पडेल असं केलं. ओढ वाढते. हँडल उलटण्याचा धोकाही वाढतो, आणि हे मला चांगलं माहीत होतं. किल्लीने सुरू होईल, असं मी स्वतःला समजावलं.

सकाळी गाडी किल्लीने सुरू झाली नाही. बायको नव्या साडीत होती. पदर खोचून ती पुढे गेली.

"आज जड लागतंय हो," ती म्हणाली. "काही केलंय का तुम्ही?"

"काही नाही. ओढ."

दोन वेळा इंजिन खोकून बंद पडलं. उशीर होत होता. मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "अगं जेवली नाहीस का? जोर लाव! दाब खाली!"

दाब, असं मी म्हणालो. जे कधीच करायचं नाही म्हणून शिकवलं होतं, ते मीच करायला सांगितलं. तिने सगळं वजन टाकून दांडा खाली दाबला.

आवाज सुकी फांदी मोडावी तसा आला. दांडा उलटा फिरला, तिचा हात मनगटावरून मोडून वर आला आणि दांड्याचं टोक हनुवटीत बसलं. ती बंपरवर आपटून खाली गेली. काचेतून मला फक्त तिच्या साडीचा रंग खाली सरकताना दिसला.

आणि मी म्हणालो, "सोडलंस कशाला? सुरू होतच होतं ना इंजिन!"

हे मेहुण्याने ऐकलं. तो ओट्यावर जाळं विणत होता. त्याने दार उघडून मला कॉलरला धरून बाहेर ओढलं. "बायचा हात मोरलाय, न् तुला गारीचा परलाय? तू मानूस हाय का कोन हाय?" पहिल्या ठोशात माझं नाक फुटलं. दुसऱ्यात मी जाळ्यांवर पडलो. जाळं ओढणाऱ्याचे हात ते, त्यांच्यापुढे मी काहीच नव्हतो. तो मला लाथा घालत होता आणि त्याची बायको "मरंल तो, सोर!" म्हणून किंचाळत होती.

मग काच फुटल्याचा आवाज आला. माझी मुलगी हँडल काढून गाडीवर हाणत होती. एक दिवा फुटला, दुसरा फुटला, मग बॉनेटवर घाव. ती रडत नव्हती. दात आवळून, श्वास टाकत मारत होती. माझ्यासारखीच. मी रक्ताने भरलेलं तोंड घेऊन उठलो. बायको तिथेच जमिनीवर, वाकडा हात मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला ओलांडून गेलो आणि मुलीच्या कानाखाली मारली. तिचं डोकं मडगार्डवर आपटलं. ती पडली. हँडल तरी सोडलं नाही.

त्या दोघी नंतर डोंगरीलाच राहिल्या. मी मीरा रोडच्या घरात एकटा. फोन केला तर भावजय उचलायची, "बोलायचं न्हाय त्यांना," म्हणायची. एकदाच मुलगी बोलली. मी म्हटलं, "बाळा, मी तुला आयुष्यात एकदाच मारलं." ती म्हणाली, "पप्पा, पाना माझ्या डोक्यावरून जाऊन भिंतीला लागला, ते तुमचा नेम चुकला म्हणून." फोन ठेवला.

बायकोच्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर मी डोंगरीला गेलो. ती ओट्यावर बसून रबरी चेंडू दाबत होती, बोटं सरळ होत नव्हती. मी घरी चल म्हटलं.

"हँडलला मला का लावायचात?" तिने विचारलं. "एवढंच सांगा."

मी सांगितलं. गॅरेज, जबडा, दात, टायमिंग, सगळं. मेहुणा दारात उभा राहून ऐकत होता. तो थुंकला.

बायको उठली, फुटलेल्या दिव्यांच्या गाडीत चालकाच्या जागी जाऊन बसली आणि डाव्या हाताने चोक ओढला. "मारा."

"टायमिंग अजून तेच आहे. आधी ते मागे घेऊ दे."

"माझ्या वेळेला घेतलं होतंत?"

मेहुणा म्हणाला, "मार की दाजी. आमी हाव हितं."

मुलीने घरातून हँडल आणून माझ्यासमोर टाकलं. मी ते भोकात घातलं. अंगठा बोटांच्या बाजूला घेतला. वर ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. तिसऱ्या खेपेला इंजिनने झटका दिला, दांडा माझ्या हातातून सुटला आणि मनगटावर आपटला. मी गुडघ्यांवर पडलो आणि ओरडलो.

"सोडलंत कशाला?" आतून आवाज आला.

ती उतरली. माझा हात आपल्या वाकड्या बोटांत धरून उलटसुलट केला, दाबून पाहिला. "मोडला नाही," म्हणाली. समाधानाने की निराशेने, मला कळलं नाही. मुलीने मासळीच्या खोक्यातला बर्फ फडक्यात बांधून आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. हातात दिला नाही.

पुढे बायको घरी आली. मुलगी आली नाही. ती मामाकडूनच कॉलेजला जाते. रविवारी मी डोंगरीला जातो, टायमिंग तपासतो आणि हँडल मारतो. आता दर वेळी मीच. मुलगी ओट्यावर मासळी निवडत असते. झटक्याचा आवाज आला की मान वर करते, मी उभा आहे ना ते पाहते आणि पुन्हा खाली घालते.