ड्युटी कोणाला दिलीस?

आमच्या परळच्या मेडिकल कॉलेजात प्रिती कांबळे विद्यार्थी विभागात काम करते. माझं टेबल तिच्या शेजारीच, म्हणून छातीठोकपणे सांगतो, या बाईला फसवणं महाकठीण. नायगावच्या चाळीत वाढली, समाजकार्याची पदवी घेतली. समोरचा थापा मारू लागला की तिची डावी भुवई जरा वर जाते, आणि तेवढ्यानेच भलेभले गडबडतात.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे नवं काम आलं. डॉक्टर होणाऱ्या पोरांना कामातून नेमकं काय हवंय, सेवा, मान, पैसा की घरासाठी वेळ, हे प्रश्नावलीतून मोजायचं आणि त्यांना पुढची शाखा निवडायला मदत करायची. पहिल्याच खेपेला एकशेवीस फॉर्म आले. त्यांत एकशेअकरा जणांची सेवा पहिली, पैसा शेवटी! आमचे विभागप्रमुख सर खूश. प्रिती म्हणाली, "सर, ही काय संतांची बॅच नाही. ह्यांनी उत्तरं पाठ केलीत." आणि निघालंही तसंच. सीनियरांनी ग्रुपवर चक्क 'आन्सर की' टाकली होती. जन्मभर प्रवेशपरीक्षा दिलेली पोरं ती, प्रश्न दिसला की बरोबर उत्तर शोधणारच. मला हसू आवरेना, ती मात्र भडकली होती.

मग तिने ड्युटी-बदलीचं रजिस्टर काढलं. इंटर्न आपसात ड्युट्या बदलतात, त्याची नोंद आमच्याकडेच असते. कोणी कुठली ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात मारली, कुठली मागून घेतली, ते आता ती फॉर्मशेजारी ठेवूनच बोलते. "फॉर्मवर काहीही लिहितील. रविवार कुठे घालवला ते बघा," असं तिचं म्हणणं.

यंदा लालबागच्या मालवणी घरातली आकांक्षा गावडे आली. शाखांचा पसंतीक्रम त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत लॉक करायचा होता आणि एकदा केला की बदल नाही. रँक उत्तम, घरच्यांना रेडिओलॉजी हवी.

"मॅडम, मला रेडिओलॉजीच सूट होते असं लिहून द्या ना. सुटले मी."

प्रितीने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. "रेडिओलॉजीच्या नऊ ड्युट्या देऊन टाकल्यास. मानसोपचार वॉर्डातले दुसऱ्यांचे सात रविवार घेतलेस. का गं?"

पोरगी रजिस्टरवर बोट फिरवत म्हणाली, "तिथे पेशंट बोलायला लागला ना, की घरी जावंसंच वाटत नाही."

"मी मोजून दाखवलं. निवडायचं तू."

साडेचार वाजले होते. आकांक्षाने मानसोपचार पहिला टाकला, लॉक केला आणि तिथूनच वडिलांना फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"बाबा, मी सायकिअ‍ॅट्री भरली."

"वेड्यांची डॉक्टर होतलंस?" आम्ही दोघं उगाच कागद चाळत राहिलो. मग आवाज आला, अगदी हळू.

"मगे तुझ्या आत्येक तूच बघ. बारा वर्सां ती खोलीतच आसा. लाजेन आमी तिका कोणाक दाखवूक नाय."