एकदाच्या पुंगळ्या

नेमबाजीच्या मैदानावर सराव संपला की झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायचं काम शांताबाईंकडे असतं. पितळी पुंगळ्या त्या डब्यात टाकतात, कारण त्या दारू घालून पुन्हा भरता येतात. ॲल्युमिनियमच्या मात्र मातीतच पडून राहतात. काल वारा सुटला, तशा त्या हलक्या पुंगळ्या आपसूक घरंगळत एकमेकींपाशी गेल्या. काहींच्या तोंडातून बारीक शीळ येत होती.

“या नाही उचलत?” मी विचारलं.

“त्या एकदाच्याच. मेल्या की मेल्या,” बाई म्हणाल्या. “हा मात्र रोज उठतो.”

हा म्हणजे पुठ्ठ्यावर छापलेला माणूस. त्याच्या छातीतली भोकं त्या खळ लावून कागदाच्या चकत्यांनी बुजवत होत्या. माझ्याच गोळ्यांची भोकं होती ती. मारणारी वस्तू एकदाच जगते आणि मरणारा मरतच नाही, असं कसलं हे मैदान! पुठ्ठा वाऱ्याने डुलायला लागला, म्हणून मी तो माझ्या छातीशी घट्ट धरला.

“हलू नका हं,” बाई म्हणाल्या. कोणाला, ते कळलं नाही.

घरी आरशासमोर उभा राहिलो, तर शर्टावर डावीकडे एक चकती चिकटलेली होती. सोलायला नख लावलं, आणि खाली काय असेल या विचाराने हात थांबला.