तलवाड्याच्या सामन्यात मी काय ऐकलं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर पटावरचे मोहरे उगाच डब्यात भरत बसायचो. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. क्लबाची खोली माडीवर आहे आणि गुडघे जिना चढू देत नाहीत, त्यामुळे तिकडं जाणंही कमी झालंय. तरी लिहायला बसलो, ते एका शालीमुळे.

यंदाची बुद्धिबळाची लीग संपली तेव्हा बक्षीस समारंभात माझा सत्कार झाला. आमच्या जिल्ह्यातल्या पाच गावांची ही लीग. रविवारी एखाद्या शाळेचा वर्ग उघडून घ्यायचा, चार पट मांडायचे आणि दोन्ही गावांचे चार-चार खेळाडू समोरासमोर बसवायचे. जिंकलेल्या पटाचा एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. आमचा धारूरचा संघ यंदा चौथा आला. मी शेवटच्या पटावर खेळलो आणि चारपैकी तीन डाव हरलो. युसूफ वडगाव या गावाविरुद्धच्या सामन्यात माझ्यासमोर कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. मी बराच वेळ एका घोड्याकडे बघत बसलो. शेवटी तिनं बोटानं घड्याळ दाखवलं.

"आजोबा, तुमचा टाइम कवाच संपलाय."

"मग सांगायचं न्हाई का?"

"तुमी लई मन लावून बघत होता. म्हनलं बघू द्यावं."

तर त्या समारंभात आमचा नवा कप्तान माईकवर बोलायला उठला. बँकेत असतो, बोलतो चांगलं. म्हणाला, "गुरुजींनी तलवाड्याच्या सामन्यात लीग घालवली, पण आपल्या माणसासाठी खोटं बोलले नाहीत. असा कप्तान पुन्हा होणार नाही." टाळ्या वाजल्या. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मी नारळ धरून उभा राहिलो आणि फोटोत दिसतोय तसा थोडासा हसलो.

त्या सामन्यात मी खोटंच बोललो होतो. ते आता लिहून ठेवतो.

ज्यांच्याबद्दल खोटं बोललो, ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर आमच्या क्लबात येऊ लागले. आम्ही सगळे त्यांना कंडक्टर म्हणायचो आणि ते मला गुरुजी, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो. त्यांचा आवाज एवढा मोठा, की शह दिला तर खाली पानटपरीवर कळायचं. "शह! चला, पुढं सरका, पुढं जागा हाय!" असं ते समोरच्याच्या राजाला म्हणायचे. समोरचा चिडायचा, आम्ही हसायचो.

पुढं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा क्लबात आले तेव्हा गळ्याला रुमाल होता आणि सदऱ्याच्या खिशात छोटी वही आणि पेन. काही सांगायचं असलं की वहीत लिहून आमच्यापुढं धरायचे. अक्षर बारीक, तिकिटाच्या हिशोबात मुरलेलं.

एक अडचण मात्र उभी राहिली. बुद्धिबळात ज्या मोहऱ्याला हात लावाल तोच खेळावा लागतो. मोहरा घरात वाकडा उभा असेल आणि नुसता सरळ करायचा असेल, तर आधी तोंडानं "नीट करतो" म्हणायचं, मग हात लावायचा. कंडक्टर कसं म्हणणार? त्यांनीच तोड काढली. टेबलावर दोनदा बोटाच्या पेरानं वाजवायचं, टक टक. एसटीत कंडक्टर दोन घंट्या देतो तशी. वहीत लिहिलं, "डबल बेल म्हणजे नीट करतो." क्लबानं मान्य केलं. लीगच्या सामन्यांसाठी असं ठरलं, की खेळाडूंच्या नावांची चिठ्ठी पंचांना देताना मी, कप्तान म्हणून, खाली ही एक ओळ लिहायची.

आवाज गेल्यावर त्यांचा खेळ सुधारला, हे खरं आहे. पूर्वी बोलण्यात जायचं ते लक्ष आता पटावर राहायचं. मी वीस वर्षं पहिल्या पटावर खेळत होतो. पहिल्या पटावर संघातला सगळ्यात चांगला खेळाडू बसतो, आणि गावात "पहिल्या पटाचे गुरुजी" ही माझी ओळख होती. त्या वर्षी क्लबातल्या स्पर्धेत त्यांनी मला दोनदा हरवलं. तिसरा डाव मी डोकं दुखतंय म्हणून खेळलो नाही. लीगला पहिल्या पटावर त्यांचं नाव मीच लिहिलं आणि दुसऱ्यावर माझं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला ते कौतुकही टोचलं. घरी बायको म्हणाली, "कावून तोंड पाडलंय? दुसरा नंबर काय वाईट हाय का?" मी जेवण निम्मं टाकून उठलो.

लीगचा शेवटचा सामना तलवाड्याला होता. सामना बरोबरीत सुटला तरी लीग आमची होती. सकाळी जीपनं निघालो. कंडक्टर पुढं ड्रायव्हरजवळ बसले आणि प्रत्येक फाट्यावर वहीत गावाचं नाव लिहून मागं दाखवायचे. तिसऱ्या पटावरचा आमचा किराणा दुकानदार म्हणायचा, "उतरणारं कोनी न्हाई, जाऊ द्या गाडी."

शाळेत पोचायला उशीर झाला. मी घाईत चिठ्ठी लिहिली आणि खालची ओळ राहिली. ती मी खरंच विसरलो. त्यात माझ्या मनात काही नव्हतं, हे मी कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन. पुढचं तसं नाही.

दुपारपर्यंत तिसऱ्या-चौथ्या पटाचे डाव संपले. एक आम्ही जिंकला, एक हरला. ते दोघं चहाला बाहेर गेले. आत पहिला आणि दुसरा पट उरला. कंडक्टर माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर. त्यांच्यासमोर तलवाड्याचा एक तरुण शेतकरी, शांत माणूस. वर पंखा खडखडत होता. कंडक्टर एका प्याद्यानं पुढं होते. समोरच्याचं एक प्यादं वजीर व्हायला एकच घर राहिलं होतं आणि कंडक्टरांच्या हत्तीनं ते अडवून धरलं होतं. हत्ती जागेवर राहिला तर डाव जिंकलेला. हलला तर गेला.

तो हत्ती घरात जरा तिरपा उभा होता. कंडक्टरांनी टेबलावर दोनदा वाजवलं, एका बोटानं हत्ती सरळ केला आणि राजाकडं हात नेला.

"हत्तीला हात लावलाय," समोरचा म्हणाला. "हत्तीच खेळावा लागतोय."

कंडक्टरांनी मान हलवली, पुन्हा टेबल वाजवून दाखवलं. त्याला कळेना. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या पंचांना बोलावलं. पंच तिथल्याच शाळेतले शिक्षक. कंडक्टरांनी भराभर वहीत लिहिलं आणि पान पंचांपुढं धरलं: "दोनदा वाजवलं. आमचं ठरलेलं आहे. गुरुजींना विचारा."

पंचांनी तलवाड्याच्या खेळाडूला विचारलं, "वाजवलं का यांनी?"

"माजं ध्यान प्याद्याकडं होतं, सर. पंखा वाजतोय. मला काय ऐकू आलं न्हाई. आलं असतं तर म्हनलो असतो."

मग पंच माझ्याकडं वळले. आमच्या लीगमध्ये कप्तानाचा शब्द मानतात, आपल्याच माणसाबद्दल असला तरी मानतात. पाच गावांत सगळे एकमेकांना ओळखतात. दुसरा कुठला पुरावा आणणार? पंच म्हणाले, "गुरुजी, चिठ्ठीत लिहिलेलं नाही, पण असू द्या. तुम्ही शेजारी आहात. वाजवलेलं ऐकलं एवढं सांगा, मी डाव पुढं चालू करतो."

मी ऐकलं होतं. पंखा चालू असताना स्पष्ट ऐकलं होतं.

मी म्हणालो, "माझं लक्ष माझ्या डावात होतं. मी काही ऐकलं नाही."

एवढंच. का म्हणालो, याचा नंतर पुष्कळ विचार केला. ओळ लिहायची राहिली हे सगळ्यांसमोर येईल, ही भीती होती. पण खरं कारण तेवढंच असतं तर मी इतकी वर्षं गप्प राहिलो नसतो. हा माणूस आज जिंकला तर पहिला पट कायमचा गेला, हे मला त्या क्षणी दिसत होतं.

कंडक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादा प्रवासी तिकीट घेतलंय म्हणतो आणि खिसे चाचपत बसतो, त्याच्याकडं थांबून पाहावं तसं. मग त्यांनी हत्ती उचलला आणि बाजूच्या घरात ठेवला. प्यादं वजीर झालं. मी दहा मिनिटांत माझा डाव बरोबरीत सोडवला. आमचे दीड, त्यांचे अडीच. लीग गेली ती गेली.

परतताना जीपमध्ये कंडक्टर मागं बसले. वही खिशातच होती. किराणा दुकानदार माझ्या कानाशी म्हणाला, "घाईत वाजवायचं विसरला असंल बिचारा. पन मग वहीत खोटं कशाला लिवायचं, गुरुजी?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

आठवड्याभरात हीच गोष्ट गावात पक्की झाली. कंडक्टर हरायला आले म्हणून खोटं बोलले आणि गुरुजी स्वतःच्या माणसासाठीसुद्धा खोटं बोलले नाहीत. भाजी घेताना लोक मला नमस्कार करायचे. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात मला मध्यस्थ म्हणून बोलावलं, का, तर गुरुजी कुणाची बाजू घेत नाहीत. कंडक्टर क्लबात आले नाहीत. बोलावायला कुणी गेलं नाही. पुढच्या लीगला पहिल्या पटावर माझं नाव होतं. मी पाच वर्षं तिथं खेळलो. एकही डाव मला आज आठवत नाही.

त्यांच्या घरी मी तीनदा गेलो. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी त्यांचा मोठा मुलगा भेटला. "गुरुजी, बाबांना तेवढं पुन्हा खेळायला न्या की. घरात नुसते बसून असतात," म्हणाला. बघतो म्हणालो आणि तिथूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा घरात पाहुणे होते. मला हायसं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

तिसऱ्यांदा गेलो तो मागच्या हिवाळ्यात. दुखणं उलटलं होतं. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, अंगावर स्वेटर, हात काडीसारखे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लई दिसांनी आलात. बसा, च्या टाकते." त्या आत गेल्या. कंडक्टरांनी वहीत लिहून मला दाखवलं, "यंदा पहिल्या पटावर कोण?" मी नव्या कप्तानाचं सांगितलं. त्यांनी बरं अशी मान हलवली.  घरून निघताना वाक्य ठरवून आलो होतो.

"कंडक्टर, त्या दिवशी तलवाड्याला..." एवढं म्हणालो आणि पुढं काही येईना.

ते थांबले.  मग त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि वही आणि पेन दोन्ही माझ्या हातात दिलं. जे बोलता येत नाही ते लिहायची त्यांना सवय होती. मलाही तसंच जमेल असं त्यांना वाटलं असावं. मी पेन धरलं. आत कपबशा वाजत होत्या. मी लिहिलं, "तब्येतीला जपा."

त्यांनी ते वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि वही उशीखाली ठेवली. पंधरा दिवसांनी ते गेले. तुम्ही वाजवलेलं मी ऐकलं होतं, खोटं मी बोललो, मला माफ करा, एवढंच त्या पानावर लिहायचं होतं.