शिंगराची टाळू

माझ्या बापाचा एक नियम होता. शिंगरू जन्मलं की दोन वर्षं त्याला माणसाने हात लावायचा नाही. आईचं दूध पिऊ दे, उधळू दे, हाडं धरू दे. लहानपणी हात लागला की घोडं लाडावतं आणि मोठेपणी माणसाला मोजत नाही, असं तो म्हणायचा. दोन वर्षं झाली की चार माणसं बोलवायची, दोरीने पाडायचं, आणि काय शिकवायचं ते तेव्हा शिकवायचं. मीही तेच केलं. बोर्डीला माझा टांगा होता. सुट्टीत पाहुण्यांच्या पोरांना किनाऱ्यावर घोडीवरून फेरी मारून आणायचो. माझ्या हाताखालची सगळी जनावरं अशीच शिकली.

आता माझ्याकडे आहे ती थोरली घोडीही तशीच शिकलेली. चालते चांगली. पण नाल मारायच्या दिवशी तिला धरायला तिघं लागतात आणि तिघांतला एक तरी लंगडत घरी जातो.

नोटा बंद झाल्या त्या थंडीत ही घोडी व्याली. तांबूस मादी झाली, कपाळावर पांढरा ठिपका. मी नियमाप्रमाणे लांब उभा राहिलो. आमची ही पदर खोचून सरळ आत गेली. घोडी मला त्या दिवसांत जवळ फिरकू देत नव्हती, पण हिला देत होती. रोज गुळाची पेज तीच पाजायची ना.

माझी बायको गावातली बाळं माखायची. पार नरपडपर्यंत कोणाकडे बाळंतीण असली की हिला बोलावणं यायचं. खोबरेल कोमट करायचं, पाय लांब करून बसायचं, पोर पायांवर घ्यायचं आणि कानाच्या पाळीपासून पायाच्या बोटापर्यंत चोळून काढायचं. शेवटी टाळू भरायची. डोक्यावरच्या त्या मऊ जागेवर तेल जिरवायचं, तळवा तसाच ठेवायचा आणि म्हणायचं, "आण गो टाळू." मुलगा असला तर "आण रे." केवढंही रडणारं पोर तिथे गप्प व्हायचं.

तेच तिने शिंगराला सुरू केलं. रोज सकाळी वाटीत तेल घेऊन बसायची. एकेक पाय उचलायची, खुरावर चापट्या मारायची, कानात बोट फिरवायची, ओठ वर करून हिरड्या बघायची. शिंगरू चावायला आलं तर नाकावर टिचकी, अंगावर उडी मारायला लागलं तर ढकलून लांब. आणि सगळं झालं की दोन कानांच्या मध्ये तळवा ठेवून टाळू भरायची. घोड्याला कुठली आलीय टाळू? पण ते शिंगरू मान खाली घालून उभं राहायचं, डोळे अर्धे मिटून.

शेजारचा चिकूवाडीवाला कुंपणावरून बघायचा. म्हणाला, "वहिनी, बारसं कधी ठेवलंय?"

"ठेवलंय ना. पाळण्याची दोरी ओढायला तुम्हीच या."

मी तिला म्हटलं, बिघडवतेस तू जनावर. ती तेलाचे हात पुसत म्हणाली, "तुमच्या शिकवलेल्या घोडीने परवा तुमचीच मांडी फोडली. ही बिघडली तर निदान मांडी तरी वाचेल."

 तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही.

दोन हजार अठराच्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला, डहाणूला नेली, तिथून पुढे नेली, आणि परत आणली ती तशीच आणली. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

त्यानंतर शिंगराला कोणी शिवलं नाही. मी गवत टाकायचो, पाणी ठेवायचो आणि मागच्या मोकळ्या जागेत सोडून द्यायचो. एक तर बापाचा नियम अंगात होता. दुसरं म्हणजे मी जवळ गेलो की ते माझ्याकडे बघायचंच नाही, माझ्या मागे बघायचं. अजून कोण येतंय म्हणून. मला ते बघवत नव्हतं.

त्याच वर्षीच्या थंडीत आपल्याकडे जमीन हलायला लागली. तलासरीकडे जास्त, पण आमच्याकडेही भांडी वाजायची. लोकांनी खाटा अंगणात काढल्या. शाळेतली पोरं झाडाखाली बसायला लागली. एके सकाळी जोराचा धक्का बसला. शिंगरू, म्हणजे आता दोन वर्षांची झालेली ती घोडीच, उधळली आणि चिकूवाडीच्या काटेरी तारेत शिरली. मी पोचलो तेव्हा वाडीच्या कोपऱ्यात उभी होती. पुढच्या पायाची चामडी गुडघ्यावर फाटून लोंबत होती. जवळ गेलं की मागे सरायची, आणि मागे पुन्हा तार.

वाडीवाल्याने फोन केला. जनावरांची डॉक्टर स्कूटरवरून आली. लांबूनच पाय बघून म्हणाली, टाके आजच पडायला हवेत, चामडी सुकली की मग बसत नाही. जखम सांध्याजवळ आहे, पू झाला तर पाय जाईल. पाय गेलेल्या घोड्याचं पुढे काय होतं ते मला कोणी सांगायला नको होतं. घरात बायकोच्या हातचं तेवढंच एक जिवंत उरलं होतं.

गुंगीचं इंजेक्शन देऊ, डॉक्टर म्हणाली, पण त्यासाठी तरी जवळ जाऊ द्यायला हवं. चावते का, लाथ मारते का, तिने विचारलं. मी म्हटलं, आई मारते, हिचं मला माहीत नाही.

वाडीवाला दोरी आणि काठी घेऊन आला. घोड्याच्या वरच्या ओठाला फास घालून काठीने पीळ दिला की घोडं दुखण्याने थिजतं. आमची जुनी रीत. मी दोरी हातात घेतली. घोडीने दोरी बघितली आणि मागे सरली. तार तिच्या मांडीला लागली. अजून एक पाऊल गेली असती तर मागचाही पाय फाटला असता.

मी दोरी टाकून दिली. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं ओटीवर बसून जे ऐकलं होतं तेच तोंडातून आलं, आणि तेही दोन माणसांसमोर, माझ्या असल्या घोगऱ्या आवाजात.

"आण गो टाळू."

तिचे कान पुढे आले. नेहमीसारखं तिने माझ्या मागे बघितलं. मग तिने मान खाली घातली. मी हात लांब करून दोन कानांच्या मध्ये तळवा ठेवला. ती थरथरत होती, पण हलली नाही. वाडीवाल्याला मी तेल आण म्हटलं नव्हतं. तोच घरात गेला आणि खोबरेलची बाटली घेऊन आला.

मी टाळू भरत राहिलो. डॉक्टरने मानेत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पायाला हात लावला तर तिने गुंगीतच पाय आपणहून उचलून दिला. डॉक्टर हसली. "काका, हिला लहानपणी कोणीतरी खूप हाताळलंय."

"आमच्या हिने," मी म्हटलं.

टाके घालता घालता ती सांगत होती, जन्मल्यावर लगेच माणसाचा नीट हात लागला तर जनावर पुढे माणसाला भीत नाही. लाडावत नाही का, मी विचारलं. चावणं, उड्या मारणं चालवून घेतलं तर लाडावतं, ती म्हणाली. मला नाकावरची टिचकी आठवली.

शेवटचा टाका पडला. मी तिथेच चिकूखाली बसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

पाय भरून आला. थोडी लंगडते, उतारावर. नाल मारायला एकटा नालबंद पुरतो. मी आता रोज सकाळी तिची टाळू भरतो. वाडीवाला कुंपणावरून बघतो, बारशाचं आता विचारत नाही.

एकदा तिच्या आईच्याही डोक्यावर हात ठेवायला गेलो. तिने दात दाखवले. मी म्हटलं, बरोबर आहे बाई तुझं, आणि हात मागे घेतला.