नऊ जणांचं टेबल

खोटं बोलायला इतका नालायक माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि नेमक्या ह्याच माणसाने, म्हणजे माझ्या साडूंनी, निवृत्तीनंतर नाद धरला तो पोकरचा. धानोऱ्याच्या एका गोदामात त्यांनी तीस वर्षं मोहफुलं, हिरडा, डिंक तोलला. काटा थांबल्याशिवाय आकडा सांगायचा नाही आणि थांबला की लपवायचा नाही, ही सवय घरातही सुटली नाही. ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, नवी साडी नेसून "कशी दिसते?" विचारलं, की हे दोन पावलं मागे सरून सांगणार, "दुकानात बरी दिसत होती." माझ्या लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा माझ्यासमोरच सासऱ्यांना म्हणाले, "पोरगा चांगला आहे. हुशार आहे असं त्याले वाटते, तेवढं पाहून घ्या." थाप मारायचा प्रयत्न केलाच तर त्यांचा उजवा कान लालबुंद होतो. गावात तीन पत्तीला बसले, की बाकीचे आपले पत्ते सोडून त्यांचा कान पाहत.

मोबाइलवर कान दिसत नाही, हे त्यांना दाखवून दिलं मुलीने. एकुलती एक, हैदराबादला नर्स आहे. एका सुट्टीत तिने बापाला पोकर शिकवलं, त्यांचं खेळातलं नाव 'काटेवाला' ठेवलं आणि स्वतःचं 'मोहफूल'. दर रविवारी दुपारी चारला फुकट प्रवेशाची स्पर्धा असते. जिंकणाऱ्याला वरच्या स्पर्धेचं तिकीट. हजारभर लोक, शंभरावर टेबलं, कोण कुठे बसणार ते यंत्र ठरवतं. घरात रेंज नाही म्हणून साडू गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, एका हातात छत्री धरून खेळतात, आणि खाली उतरले की भेटेल त्याला डावपेच शिकवतात.

"मास्तर," ते मला म्हणाले, "फुकटच्या खेळात सुरुवातीले ब्लफ मारू नये. हाती काई नसताना तुमी वाघ असल्याचा आव आणाल, पण समोरच्यानं काई लावलंच नाई, तर तो काऊन भेईल? तो म्हणते, चला, पाहू तरी वाघ. अर्धेअधिक लोक जाऊ द्या. तिकीट जवळ दिसाले लागलं का माणूस जपते. तवा मारा." हे शास्त्र त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत भात वाढणाऱ्याला थांबवून सांगितलं, पुढची अर्धी पंगत भाताची वाट पाहत होती. स्वतः मात्र ते कधीच ब्लफ मारत नाहीत. उलट चांगली चांगली पानंसुद्धा टाकून देतात. मला वाटायचं, स्वभाव, दुसरं काय.

चार वर्षांपूर्वी मुलीने आपल्या पसंतीचा मुलगा घरी आणला. तो हात धुवायला मागे गेला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, कसा वाटला?" साडूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हलका वाटते." लग्न तिकडे हैदराबादलाच झालं. आईला सणासुदीला फोन येतो. त्यात बाबांचं नाव निघत नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी यंत्राने बापलेकीला एका टेबलावर बसवलं. साडूंच्या हातात दोन एक्के होते आणि 'मोहफूल'ने आपले सगळे चिप्स, म्हणजे खेळातले खोटे पैसे, पुढे लोटले. ते भिडले असते तर बहुतेक ती बाद झाली असती, उठून गेली असती. त्यांनी एक्के टाकून दिले. तिने आपली पानं उघडी करून दाखवली. हातात काहीच नव्हतं. मग पडद्यावर अक्षरं आली: बाबा, जेवले का? साडू एका बोटाने टाइप करतात. 'हो. तू' एवढं होईपर्यंत दुसऱ्या टेबलावरची जागा भरायला यंत्राने तिला उचलून नेलं होतं.

"मग फोन करा ना, भाऊ," मी म्हणालो.

"करीन. पण तिनं विचारलं, अजून हलका वाटते का, तर काय सांगू? जावयाले मी दुसऱ्यांदा पाह्यलाच नाई, मास्तर. जिंदगीत एकदाच काटा थांबायच्या आधी आकडा सांगितला."

पानं का टाकतात ते तेव्हा मला कळलं. लोक बाद होत जातात तशी टेबलं कमी होतात, आणि शेवटचे नऊ जण एकाच टेबलावर येतात. तिथवर दोघांनी टिकायचं, एवढाच त्यांचा डाव.

मागच्या रविवारी मी त्यांच्याजवळ गच्चीवर होतो. चौदा जण उरले होते, दोन टेबलं, आणि यादीत दोन्ही नावं. आणखी पाच जण गेले की झालं. तेवढ्यात 'मोहफूल' हे नाव करडं पडलं, म्हणजे ती बाद झाली. त्यांनी त्या नावाकडे जरा वेळ पाहिलं, मग हातातल्या रद्दी पानांवर सगळे चिप्स लावून बाहेर पडले.

"आता थांबून काय कराचं," म्हणाले.

खाली ताई चहा उकळत उभी होती. त्यांच्या खेळाबद्दल तिने कधी चौकशी केलेली मी ऐकली नव्हती. मागे न वळता तिने विचारलं, "आज कितवी आली?"

"चौदावी."

"मागच्या हप्त्यापेक्षा पुढं आहे," ताई म्हणाली आणि चहा गाळू लागली.